मैदान आधी, खेळणी नंतर

सार्वजनिक मैदाने, क्रीडांगणे आणि बागा यांविषयी वाचकांनी पाठवलेली पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. पत्रे सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातील लहान गावांतून आली आहेत. लिहिणाऱ्यांना पुढे त्याच गावात राहायचे आहे, म्हणून त्यांची आणि गावांची नावे येथे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात भर वस्तीत सुमारे एक एकराचे मोकळे मैदान आहे. सकाळ-संध्याकाळ मुले तेथे क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो खेळतात. आता त्याच्या सुशोभीकरणाला निधी मंजूर झाला आहे. आराखड्यात प्रवेशकमान, मधोमध कारंजे, भोवती हिरवळ, चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉकचा पथ, फायबरची खेळणी आणि ओपन जिम आहे. गाव आनंदात आहे. मी शाळेत शिक्षक आहे आणि मुले खेळणार कोठे, हा प्रश्न मला सतावतो आहे. बोललो तर विकासाच्या आड आलो असे म्हणतील. काय करावे?

उत्तर : गुरुजी, आपली शंका रास्त आहे, आणि ती मांडण्यासाठी वादापेक्षा मोजपट्टी अधिक उपयोगी पडेल. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. जागा चौकोनी धरली तर एक बाजू ६४ मीटरच्या आसपास येते. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते, पुरुषांच्या कबड्डीचे १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. भोवती धावण्यापुरती मोकळी जागा सोडूनही ही दोन्ही मैदाने आपल्या जागेच्या साधारण चौथ्या हिश्शात बसतात, आणि उरलेल्या भागात क्रिकेट, लंगडी, लगोरी, लहान मुलांचा कोपरा आणि वृद्धांची बाके या सगळ्यांची सोय होते. आता आराखड्याकडे पाहा. तीन मीटर रुंदीचा पथ चारी बाजूंनी फिरवला की सातशे चौरस मीटरहून अधिक जागा, म्हणजे खो-खोच्या दीड मैदानाहून जास्त, त्या पथातच जाते. कारंजे मधोमध बांधले की उरलेल्या जागेचे असे तुकडे पडतात की त्यांतील एकाही तुकड्यात सलग पळता येत नाही. जागा कागदावर तेवढीच राहते, खेळ मात्र संपतो.

हिरवळीबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, मार्चअखेरपासून पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि घरच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते ही सोलापूरकरांना नवीन गोष्ट नाही. अशा ठिकाणी हिरवळ जगवायची तर कोणाच्या तरी वाट्याचे पाणी तिला द्यावे लागते. ती जगली तर तिच्यावर पाऊल ठेवू नये अशी पाटी लागते, आणि नाही जगली तर धूळ उरते. आपल्या हवेला मानवते ते मुरमाचे मैदान. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, म्हणून तिच्यावर नुसता मुरूम ओतून भागत नाही. वरचा काळा थर काढावा, खाली जाड मुरूम दाबून बसवावा, त्यावर चाळलेला बारीक मुरूम पसरावा, पाणी मारावे आणि रोलर फिरवावा. मधून कडेला शंभर फुटांना एक फूट एवढा उतार ठेवून बाहेरून गटार काढले, तर पाऊस उघडल्यावर मैदान लवकर खेळण्याजोगे होते. हे काम कारंज्यासारखे छायाचित्रात उठून दिसत नाही, आणि निधी बहुधा दिसणाऱ्या कामाकडे वळतो. मला याचेच फार वाईट वाटते.

सावलीचा विचार तर आराखड्यात अगदी पहिला हवा. गेल्या मे महिन्यात मी एका लहान गावातील नव्या बागेत दुपारी साडेचारला गेलो होतो. फायबरच्या घसरगुंडीवर तळहात टेकवला आणि लगेच उचलावा लागला. खेळण्यांकडे एकही मूल नव्हते. सात-आठ मुले कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून, भिंतीच्या हातभर रुंद सावलीत ओळीने बसली होती. सावली सरकेल तशी तीही पाय आवरून घेत होती. बाहेरच्या रस्त्यावर एक जुना कडुनिंब होता. त्याची सावली विटा रचून केलेल्या यष्ट्यांपर्यंत पोहोचली, तेव्हा त्यांतील एकाने चेंडू उचलला आणि सगळी उठली. त्या बागेत त्या दिवशी खेळ सुरू करून दिला तो बाहेरच्या झाडाने.

म्हणून झाडे पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या कडेला लावावीत, म्हणजे संध्याकाळी मुले येतात त्या वेळी सावली मैदानावर पडते. कडुनिंब, करंज, चिंच आणि वड ही आपल्या हवेत तग धरणारी झाडे आहेत. गुलमोहर दिसायला देखणा असला तरी त्याची फांदी ठिसूळ असते आणि वळवाच्या वाऱ्यात मोडून पडते, तेव्हा खेळण्यांवर आणि बाकांवर तो नको. कण्हेर आणि बिट्टी ही पाण्याविना जगतात म्हणून बागांतून सर्रास लावली जातात, परंतु दोन्ही विषारी आहेत. जेथे लहान मूल पान-बी तोंडात घालू शकते तेथे ती लावू नयेत. कडेची वेडी बाभूळ मात्र मुळासकट काढावी, कारण तिचा काटा चपलेच्या तळव्यातून आरपार जातो.

आपण काय करावे, हे आता सांगतो. रविवारी सकाळी विद्यार्थ्यांना घेऊन मैदानावर जा आणि आराखड्यातील प्रत्येक गोष्ट तिच्या खऱ्या मापाने फक्कीने जमिनीवर आखा : कमान, पथ, कारंजे, हिरवळ, जिम, सगळे. मग मुलांना उरलेल्या जागेत खो-खो मांडायला सांगा, आणि नगरसेवक, मुख्याधिकारी व अभियंता यांना ते पाहायला सन्मानाने बोलवा. नकाशा वाचता न येणाऱ्यालाही ती फक्की वाचता येते. सोबत लेखी पर्याय द्या : त्याच निधीत मुरूम, गटार, झाडे, प्यायचे पाणी, स्वच्छतागृह, दिवे आणि एका कोपऱ्यात थोडी खेळणी. ओपन जिमला माझा विरोध नाही. ती प्रौढांसाठी आहे, लहान मुलांची बोटे तिच्या सांध्यांत चिमटतात, म्हणून खेळण्यांपासून दूर आणि कडेला असावी. कामाचा आदेश निघण्यापूर्वी हे करा. ठेकेदार नेमल्यावर बदल करणे सगळ्यांनाच जड जाते.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा नातू बागेतल्या झोक्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला. खाली पेव्हर ब्लॉक होते. तक्रार केली तर मुलाकडे लक्ष ठेवायला हवे होते असे उत्तर मिळाले. मी तिथेच उभी होते. पुन्हा त्याला बागेत पाठवायला सुनेचा जीव होत नाही.

उत्तर : आजी, मूल झोक्यावरून पडणार, हे झोका टांगणाऱ्याने गृहीत धरलेच पाहिजे. खेळण्यांवरून होणाऱ्या गंभीर दुखापतींत पडून हात मोडणे हा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे, आणि पडल्यावर किती लागेल हे बहुतांशी उंचीवर आणि खालच्या जमिनीवर ठरते. काँक्रीट, फरशी, डांबर आणि पेव्हर ब्लॉक यांपैकी काहीही झोक्याखाली किंवा घसरगुंडीखाली असता कामा नये. आपले लक्ष कमी पडले, हा सल मनातून काढून टाका.

अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने सार्वजनिक खेळण्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली आहे, तिच्यातील काही मापे आपल्याकडेही जशीच्या तशी वापरता येतात. खेळण्याभोवती चारी बाजूंनी किमान सहा फूट जागा मोकळी व मऊ असावी. झोक्याच्या पुढे आणि मागे मात्र आडव्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा सोडावी. दांडी आठ फुटांवर असेल तर पुढे सोळा आणि मागे सोळा. वाळूचा थर नऊ इंचांचा असेल तर साधारण चार फुटांवरून पडणाऱ्या मुलाला तो सांभाळून घेतो. वाळू पायांनी बाजूला सरते आणि पावसाने घट्ट बसते, म्हणून ती दर आठवड्याला फावड्याने उकरून पुन्हा सारखी करावी लागते, आणि तिला भोवती कड हवी. रबराच्या चटया मऊ असतात, पण आपल्या उन्हात त्या अनवाणी पायाला चटका देतील इतक्या तापतात. सावली असेल तरच त्यांचा विचार करावा.

आपण स्वतः जाल तेव्हा सोबत एक टेप घ्या. झोक्याची साखळी जेथे आकड्यात अडकवलेली असते, तेथे आकडा घासून अर्धा झाला आहे का ते पाहा. साखळी तुटते ती बहुधा तिथेच. खांबांच्या पायाचे काँक्रीट माती वाहून गेल्याने उघडे पडले आहे का, घसरगुंडीच्या फायबरला तडा जाऊन धार आली आहे का, कठड्याच्या गजांमध्ये साडेतीन इंचांहून जास्त आणि नऊ इंचांहून कमी फट आहे का, हे तपासा. या मापाच्या फटीतून लहान मुलाचे अंग निघते आणि डोके अडकते. आणि एक गोष्ट आपल्या भागापुरती : उन्हासाठी गळ्याभोवती बांधलेला स्कार्फ, ओढणी किंवा दोरी असलेली पाण्याची बाटली खेळण्यांवर चढताना काढून ठेवावी, कारण ती एखाद्या बोल्टात अडकली तर गळ्याला फास बसतो.

तक्रार लेखी द्या, तीत तारीख, वेळ, खेळण्याचे वर्णन आणि जमिनीचे छायाचित्र जोडा, दवाखान्याच्या कागदांची प्रत लावा आणि पोच घ्या. मागणी एकच ठेवा : तो झोका आजच्या आज उतरवावा आणि खालची जमीन बदलल्यावरच पुन्हा टांगावा. नुकसानभरपाईचा विचार असेल तर कागद घेऊन वकिलांना भेटा. नातवाला मात्र मैदानापासून तोडू नका. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान साठ मिनिटे अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सहा वर्षांच्या मुलाचा एवढा वेळ दोन खोल्यांच्या घरात निघत नाही. हात पूर्ण बरा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले की त्याला आधी साध्या मातीवर पळू द्या.

प्रश्न : आमच्या भागात क्रीडांगणासाठी राखीव असलेल्या भूखंडावर दुकानगाळे होणार, अशी चर्चा आहे. विचारले की कोणी म्हणते आरक्षण उठले, कोणी म्हणते उठणार आहे. सामान्य माणसाने खरे कसे शोधावे?

उत्तर : चर्चेवर वेळ घालवू नका, कागद काढा. प्रथम नगररचना विभागाकडून त्या सर्व्हे क्रमांकाचा मंजूर विकास आराखड्यातील भाग नकाशा आणि झोन दाखला, म्हणजे त्या जमिनीचा वापर कशासाठी ठरला आहे याचा दाखला, मिळवा. त्यावरून दोन अगदी वेगळ्या गोष्टींतील फरक कळेल : भूखंड विकास आराखड्यातील आरक्षण आहे, की एखाद्या ले-आउटमधील, म्हणजे मोठ्या जमिनीचे भूखंड पाडताना सोडलेली, खुली जागा आहे. राज्याच्या सध्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा करमणुकीसाठी खुली ठेवावी लागते, आणि ती तेथील मिळकतदारांची सामाईक असते. सोबत मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढून मालकी कोणाची आहे हे पाहा.

आरक्षण असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याची दोन कलमे लक्षात ठेवावीत. कलम ३७ नुसार आराखड्यात फेरबदल करायचा झाल्यास राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून हरकती व सूचनांसाठी एक महिन्यापर्यंतची मुदत द्यावी लागते, बाधितांना सुनावणी द्यावी लागते आणि मग प्रस्ताव शासनाकडे जातो. नुसता सभेत ठराव झाला म्हणून क्रीडांगणाचे गाळे होत नाहीत. कलम १२७ वेगळे आहे आणि लोक त्याच्याविषयी गाफील राहतात. आरक्षणाखालील खासगी मालकाची जमीन आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पाऊल उचलले गेले नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. अनेक गावांची मैदाने कोणी हिसकावून घेतलेली नाहीत, ती अशी तारखा उलटून गेल्याने गेली आहेत. म्हणून माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून नेमके एवढेच विचारा : आराखडा कोणत्या तारखेला अमलात आला, या आरक्षणाबाबत कलम १२७ ची नोटीस आली आहे काय, आली असल्यास तारीख कोणती आणि त्यावर काय कार्यवाही झाली. उत्तराची सर्वसाधारण मुदत तीस दिवसांची आहे.

न्यायालयाचा आधारही आपल्या बाजूने आहे. बंगळुरूमध्ये सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप अमान्य केले. रुग्णालय हे चांगले काम असले तरी उद्यानाची जागा त्यासाठी वळवता येत नाही, हे त्या निकालाचे मर्म आहे; दुकानगाळ्यांची बाजू तर त्याहूनही लंगडी ठरेल. शिवाय ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची तरतूद हा नगरपालिकांकडे सोपवता येणारा विषय म्हणून नोंदलेला आहे.

आणखी एक काम लगेच करून घ्यावे, ते म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी. हद्दीच्या खुणा पक्क्या नसल्या की कडेने एक टपरी येते, मग तिचे पत्र्याचे शेड होते, आणि चार वर्षांनी मैदान नक्की किती होते हे कोणालाच आठवत नाही. मोजणीसाठी जमिनीचा मालक किंवा ताबा असलेली संस्था अर्ज करते, म्हणून नागरिकांनी त्या संस्थेकडे तसा आग्रह धरावा.

प्रश्न : मैदान मोठे आहे, पण संध्याकाळी सगळे मुलगेच असतात. माझ्या दोन्ही मुलींना खो-खोची आवड आहे; कोणी अडवत नाही, तरीही त्या दहा मिनिटांत परत येतात.

उत्तर : ताई, कोणी अडवत नाही हे खरे असले, तरी जागा पुरती व्यापलेली असते आणि मागून चेंडू कधी पाठीत बसेल याचा नेम नसतो. आपण होऊन कोणी जागा सोडत नाही, म्हणून वेळ आणि जागा दोन्ही आखून घ्यावी लागतात. आठवड्यातून निदान चार दिवस साडेपाच ते सात या वेळेत खो-खोचे खांब रोवलेला भाग मुलींसाठी राखावा, तसा फलक फाटकावर लावावा, आणि शक्य असेल तर शाळेतील क्रीडाशिक्षिकेला किंवा पूर्वी खेळलेल्या एखाद्या महिलेला तेथे उभे करावे. कुंपण सात फुटांच्या भिंतीचे नको, आरपार दिसेल अशा जाळीचे हवे. स्वच्छतागृह सुरू आणि स्वच्छ हवे. त्याला कुलूप असेल तर मुली पाणी न पिता येतात आणि लवकर जातात, हे मी अनेक आयांकडून ऐकले आहे. दिव्यांचा उजेड मैदानावर तर हवाच, पण फाटकापासून घरापर्यंतच्या वाटेवरही हवा.

मुलींना हेही सांगा की जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तिच्यात भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले, आणि त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही महाराष्ट्राची खेळाडू होती.

प्रश्न : मैदान लग्नासाठी आणि प्रदर्शनासाठी भाड्याने द्यावे का?

उत्तर : सरसकट नाही म्हणता येणार नाही. आपल्याकडे मैदान आणि जत्रा यांचे नाते जुने आहे. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेतील होमाचा सोहळा ज्या मैदानावर होतो त्याचे नावच होम मैदान आहे, आणि तेथील गड्डा, म्हणजे त्या यात्रेची जत्रा, लहानपणी पाहिला नाही असा सोलापूरकर विरळा. तथापि रोजच्या खेळाच्या लहान मैदानाला एवढे ओझे पेलत नाही. वर्षातील भाड्याचे दिवस ठरावाने आधीच ठरवावेत, ते परीक्षेनंतरच्या सुट्टीत नसावेत, आणि अनामत रक्कम घेतल्याशिवाय परवानगी देऊ नये. मंडप उतरल्यावर खांबांचे खड्डे मुरूम भरून ठोकले गेले, खिळे, तारा आणि काचा वेचल्या गेल्या, हे मुलांच्या पालकांपैकी एकाने पाहून सही केली तरच अनामत परत द्यावी. पळताना पाय मुरगळतो तो अशाच अर्धवट बुजवलेल्या खड्ड्यात. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद, हा नियम सर्वांना आहेच.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या गल्लीजवळच्या मैदानाला नेहमी कुलूप असते. आम्ही भिंतीवरून उडी मारून जातो तर ओरडतात. आम्ही काय करायचे?

उत्तर : बाळा, भिंतीवरून उडी मारू नका, वर काच लावलेली असते आणि पलीकडे काय पडले आहे ते दिसत नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून एक अर्ज लिहा. तुमच्या अक्षरातच लिहा, कोणा मोठ्याकडून लिहून घेऊ नका. मैदान सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात उघडे ठेवावे, एवढेच मागा. कुलूप असते ते बहुधा रात्री तेथे नको ती माणसे बसतात म्हणून; तेव्हा किल्ली कोणाकडे राहील हेही तुम्हीच सुचवा. मैदानासमोर राहणारे एखादे आजोबा किंवा मावशी रोज उघडायला आणि लावायला तयार असतील, तर त्यांची सही अर्जावर घ्या. खाली तुम्हा सगळ्यांची नावे आणि इयत्ता लिहा. दोन प्रती करा, पालकांपैकी कोणाला तरी सोबत घेऊन कार्यालयात जा, एक प्रत तेथे द्या आणि दुसरीवर शिक्का व तारीख घेऊन ती जपून ठेवा. पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर तीच प्रत मला पाठवा.